अण्णांच्या कॅसेटी : ठेवायच्या की टाकायच्या?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून धागा काढतेय. मिरजेचं घर रिकामं करायचं काम चालू आहे. अण्णा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आई माझ्याकडे पुण्यात असते आणि दादा न्यू जर्सीत. भांडी वाटून झाली, पलंग गेला, पुस्तकं वाचनालयाने घेतली (सगळी नाही, निवडून घेतली, तो राग वेगळा). उरल्यात त्या कॅसेटी. दोन पत्र्याच्या ट्रंका भरून. प्रत्येकीवर अण्णांच्या बारीक अक्षरात तारीख, राग, गायक, तबल्यावर कोण, सगळं.

अण्णा रेल्वेत होते, पार्सल ऑफिसात. स्वतः गात नव्हते पण कान मिरजेचा. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं ना, ते रात्रभर ऐकायचं आणि सकाळी तसंच ड्यूटीवर. घरी मर्फीचा मोठा रेडिओ होता. मग मी शाळेत असताना कुणाकडून तरी एक चपटा टेपरेकॉर्डर आणला आणि तेव्हापासून आमच्या घरातली शनिवारची रात्र संपली. आकाशवाणीवर साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. सव्वानऊला जेवणं उरकलेली पाहिजेत म्हणजे पाहिजेत. रेडिओसमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर टेपरेकॉर्डर. ट्यूबलाईट बंद कारण चोकची घरघर रेडिओत यायची, पंखा बंद, आम्ही दोघं चटईवर अंधारात. खोकला आला तर अंगणात जायचं. सव्वादहाला बाजू पलटायची, तेव्हा अण्णांच्या तोंडावर जो ताण असायचा तो ऑपरेशन थिएटरबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा, कारण तेवढ्या दोन-चार सेकंदात एखादी जागा जायची आणि मग आठवडाभर तीच जागा कशी गेली असेल यावर चर्चा.

आता दादा म्हणतो सगळं यूट्यूबवर आहे, टाकून दे. आई म्हणते, "माझा निम्मा संसार मुक्याने झाला, टाक त्या कृष्णेत." मला टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. डिजिटल करून मिळतात का, घरी करता येतं का, कुणी केलंय का? एका दुकानात विचारलं तर त्याने कॅसेट न उघडताच भाव सांगितला आणि "गॅरंटी नाही" हे दोनदा सांगितलं.

टेपडेक_काका

पहिली गोष्ट, एकही कॅसेट आत्ता लावू नका. मिळेल त्या जुन्या टेपमध्ये घालून बघूया म्हणून पट्टी गुंडाळून बसलेले लोक मी खूप पाहिलेत.

कॅसेटच्या तोंडाशी मधोमध बघा, एक तांब्याची बारीक पट्टी आणि त्यावर फेल्टचा तुकडा असतो. तो पट्टीला हेडवर (टेपमधला आवाज वाचणारा भाग) दाबून धरतो. इतक्या वर्षांत त्याचा डिंक वाळतो आणि फेल्ट आत पडतं, मग आवाज एकदम दबलेला येतो आणि माणसाला वाटतं रेकॉर्डिंग गेलं. गेलेलं नसतं. दुसऱ्या एखाद्या फालतू कॅसेटमधलं फेल्ट काढून बसवता येतं. पट्टीच्या कडेला पांढरं दिसलं तर बुरशी, ती कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर एका कॅसेटची बुरशी हेडवरून सगळ्यांना लागते. चांगल्या दिसतील त्या आधी पेन्सिलीने थोड्या सैल करा आणि मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे.

यूएसबीवाले स्वस्तातले प्लेअर ऑनलाईन मिळतात ते घेऊ नका, त्यांची गती एकसारखी नसते, तानपुरा सरळ लागत नाही. जुना चांगला डेक शोधा, त्याचे रबरी बेल्ट बदलून घ्या (जुने बेल्ट वितळून काकवी झालेले असतात), हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. डेकच्या लाईन आऊटमधून लॅपटॉपला, ऑडासिटी फुकट आहे, वेव फाईल करून ठेवा. आणि कृपा करून तो नॉईज रिडक्शनचा फिल्टर लावू नका, खरखर जाते आणि तिच्याबरोबर तंबोरापण जातो.

सी-९० (दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांच्या) आहेत की सी-१२०? १२० ची पट्टी फार पातळ, ती सगळ्यात शेवटी हाताळा.

कानसेन

मिरजकरीणताई, एकही टाकू नका हो! राष्ट्रीय कार्यक्रमाची सगळी रेकॉर्डिंगं बाजारात आलेली नाहीत. आकाशवाणीने स्वतःच्या संग्रहातून काही सीड्या काढल्या पण ते समुद्रातलं ओंजळभर. तुमच्या अण्णांकडे तारीख आणि साथीदारांसकट नोंद आहे म्हणताय, अहो हेच तर दुर्मीळ. लोकांकडे रेकॉर्डिंग असतं आणि गायक कोण यावर तीन पिढ्या भांडतात.

चकली

मस्त धागा. एक बाळबोध शंका, आमच्याकडे टू-इन-वन होता नॅशनल पॅनासोनिकचा, मामांनी मस्कतहून आणलेला. त्यात रेडिओवरून रेकॉर्ड केलं की घरात कितीही आरडाओरडा करा, टेपमध्ये काही यायचं नाही, डायरेक्ट आतून जायचं ना ते. मग तुमची आई मुकी का?

मिरजकरीण

@चकली, बरोबर, पण तो टू-इन-वन आमच्याकडे फार नंतर आला, दादाच्या पहिल्या पगारात. त्याआधी रेडिओ वेगळा आणि टेप वेगळा, टेपला पुढे जाळीत माईक, त्यामुळे खोलीत जे काय होईल ते सगळं आत.

आणि खरं सांगू का, ह्याच्यावरच माझं आणि दादाचं वाजलंय. मला टू-इन-वनच्या काळातल्या स्वच्छ कॅसेटी नकोच आहेत. त्या खुशाल कुणालाही देईन, कानसेन तुम्हीच न्या. मला हव्यात त्या आधीच्या घाणेरड्या. टेपडेक_काकांचं वाचून भावाच्या मित्राचा डेक आणला, बेल्ट बदलून घेतले आणि फेल्ट शाबूत असलेल्या दोनचार लावून बघितल्या. एकात राग मारवा चालू आहे आणि मधेच खर्रर्र करून मोठा आवाज चढत येतो आणि जातो. ती समोरच्या डॉक्टरांची लॅम्ब्रेटा! स्कूटर गेली की रेडिओ असाच ओरडायचा. मग अण्णांचा अगदी हळू आवाज, "आला मेला." अण्णांच्या तोंडून 'मेला' मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला नाही.

दुसऱ्या एकात 'आपली आवड' धरायला अण्णांनी जरा आधीच बटण दाबलंय, तर आधीच्या कार्यक्रमाचं शेपूट आलंय, सांगलीचे बाजारभाव. राजापुरी हळद, गूळ, बेदाणे. निवेदक इतका गंभीर की वाटावं श्रद्धांजलीच चाललीय. आणि एका रविवार दुपारच्या कॅसेटमध्ये गाण्याच्या मागे टुंई टुंई टुंई, पुन्हा टुंई, मला कळेना काय ते. आमचं घर सतारमेकर गल्लीच्या मागच्या अंगाला. कुणीतरी सतारीची जवारी (तारांखालची घोडी घासून आवाज जुळवणं) लावत बसलाय, घासायची, छेडून बघायची, परत घासायची.

कानसेन

बापरे. जवारी लावताना टेप झालीय? ती फाईल मला पाहिजे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा पेपरात एवढं आलं, भोपळे मंगळवेढ्याकडून येतात, शिकलगार हत्यारांना धार लावायचे त्यांनी वाद्यं करायला घेतली वगैरे, पण जुन्या गल्लीतला आवाज कुणी कशाला टेप करून ठेवला असेल.

तरी माझं म्हणणं कायम. स्वच्छ कॅसेटी टाकायच्या नाहीत. तुम्हाला स्कूटर हवी, मला मारवा हवा. दोन्ही ठेवू.

वखारभाग

टाकू नका एवढंच सांगतो. आमच्या होत्या अडीचशे-तीनशे, वडिलांच्या आणि माझ्या मिळून, सांगलीत मारुती चौकाजवळच्या घरात तळमजल्यावर. २००५ ला पाणी आलं तेव्हा माळ्यावर टाकल्या, वाचल्या. २०१९ ला वाटलं २००५ एवढंच येईल. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, पाणी गेलं सत्तावन्नच्या वर. माळापण गेला. आठ-दहा दिवसांनी घरात शिरलो तर सगळीकडे तो चिखलाचा वास आणि कॅसेटच्या डब्यांत चहा भरावा तसं पाणी. दोनतीन धुऊन वाळवून बघितल्या. नाही जमलं, तेव्हा धीरपण नव्हता, आधी फ्रीज आणि गाद्या बाहेर काढायच्या होत्या.

त्यात काय होतं त्याची यादी पण त्याच कपाटात होती, त्यामुळे काय गेलं तेही नीट सांगता येत नाही.

टेपडेक_काका

@वखारभाग, वाईट वाटलं वाचून. इतरांसाठी सांगून ठेवतो, पुराच्या पाण्यातल्या कॅसेटी वाळवायची घाई करायची नसते. कवच उघडून पट्टी स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची आणि नव्या कवचात घालायची. चिखल वाळला की पट्टीचे थर एकमेकांना धरतात. पण घरात गुडघाभर गाळ असताना हे कोण करणार, खरं आहे.

नॅरोगेज

अवांतर: अण्णा मिरज पार्सलला होते म्हणजे त्यांनी तिन्ही गेज एकाच स्टेशनात बघितले असणार. पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज आणि आमची लाडकी बार्शी लाईट, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर. वारीत त्या गाडीच्या टपावर माणसं. पार्सलमध्ये तंबोरे जायचे का हो? खोक्यात गवत भरून?

मिरजकरीण

@नॅरोगेज, जायचे की! लाकडी खोकी, वरती मोठ्या अक्षरात सांभाळून वगैरे लिहिलेलं, तरी हमाल आपटायचेच. अण्णा स्वतः उभे राहून महालक्ष्मीत चढवून घ्यायचे. घरी येऊन सांगायचे, आज कलकत्त्याला दोन सतारी गेल्या, जणू पोरींना सासरी पाठवलंय.

बेळगावी

आमच्याकडे बेळगावात रात्री सांगली खरखरत लागायचं आणि धारवाड एकदम स्वच्छ. त्यामुळे बाबा मराठी असूनही गाणं ऐकायला धारवाडच. गायक मल्लिकार्जुन मन्सूर तिथल्या आकाशवाणीवर सल्लागार होते, त्यामुळे धारवाड म्हटलं की बाबा पहिलं त्यांचंच नाव घ्यायचे. आई म्हणायची बातम्या तरी कळतील अशा भाषेतल्या लावा, तर बाबांचं उत्तर, रागाला भाषा नसते. मग सकाळी सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागायच्या तेव्हा आई मुद्दाम रेडिओ मोठा करायची, घ्या, ही तरी कळते का बघा.

तुमच्या आईंचा मुद्दा मला जास्त पटला ताई. सगळे अण्णांचं कौतुक करतायत.

चकली

+१ बेळगावी. नऊ वाजता फोडणी बंद म्हणजे काय चेष्टा आहे का. माझ्या सासऱ्यांचं क्रिकेट कॉमेंट्रीचं असंच होतं. मिक्सर लावला की रेडिओत घुर्रर्र, की लगेच हाक, "अगं विकेट पडली असती!" चटणी पाट्यावर वाटायची कसोटीचे पाच दिवस.

मिरजकरीण

बेळगावी, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. खूश झाली आणि मग जे इतकी वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं.

तिची एकच कॅसेट होती. स्वतःची. मावशी माहेरपणाला आली होती तेव्हा अण्णांनी टेप लावून दिला होता आणि आईने, मावशीने आणि गल्लीतल्या बायकामुलींनी हादग्याची गाणी म्हटली होती (पुण्याची मंडळी, तुमचा भोंडला). दोन्ही बाजू भरून. मावशी नंतर दोन वर्षांत गेली. आणि पुढे कधीतरी एका शनिवारी घरात कोरी कॅसेट नव्हती म्हणून अण्णांनी त्याच कॅसेटवर राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. मागचे ते प्लॅस्टिकचे तुकडे मोडले असते तर वाचली असती, पण ते कुणाला माहीत. अण्णांनी माफी मागितली का विचारलं तर म्हणाली, "मागितली ना. म्हणाले, पण पूरिया काय झाला होता त्या दिवशी!"

आता मला कळतंय ती नदीत टाक का म्हणते. पूरियाची कॅसेट सापडली आहे, लेबलवर खाली पेन्सिलीने आधीचं 'हादगा' खोडलेलं दिसतं.

टेपडेक_काका

थांबा थांबा. ती सी-९० आहे का? आणि कार्यक्रम पूर्ण घेतलाय का, साडेनऊ ते अकरा?

असेल तर दुसऱ्या बाजूचा शेवट ऐका. कार्यक्रम बरोब्बर नव्वद मिनिटांचा, पण चांगल्या कंपनीच्या सी-९० मध्ये प्रत्येक बाजूला पंचेचाळीसपेक्षा मिनिटभर पट्टी जास्त असायची. अण्णा पहिली बाजू पूर्ण संपेपर्यंत थांबून पलटत असतील, तर दुसरी बाजू सव्वादहानंतर सुरू झाली. अकराला कार्यक्रम संपल्यावर त्यांनी बटण बंद केलं असेल, त्यांच्यासारखा माणूस पुढच्या बातम्या कशाला घेईल. जिथे बंद केलं तिथून पुढे पट्टी पुसलेलीच नाही. आधीचं जे होतं ते तसंच असणार. फार नाही, एखाद-दोन मिनिटं.

वखारभाग

काका 🙏 मी श्वास रोखून बसलोय इथे.

कानसेन

पूरियाकडे तिकडे लक्ष असू द्या जरा...

चकली

@कानसेन, गप्प बसा हो.

मिरजकरीण

आहे.

काल रात्री ऐकलं. पूरिया संपतो, निवेदिका नाव सांगते, खट. मग फुसफुस आणि एकदम दुपार! कावळे, बादली ठेवल्याचा आवाज, पोरींचा गोंधळ. गाणी नाहीत, गाणी संपलेली आहेत. खिरापत ओळखायचं चाललंय. कुणीतरी ठसक्यात विचारतंय, "गोड का तिखट?" आणि सगळ्या एकदम ओरडतात. "लाडू!" नाही. "शंकरपाळी!" नाही. "मोकळी भाजणी!" नाही. एक बारकी पोरगी सारखं "चिवडा, चिवडा" म्हणतेय आणि तिला कुणी विचारत नाहीये, ती मी असणार. मग एक बाई हसत हसत म्हणते "अगं वास तरी घेऊ दे त्यांना" आणि आई म्हणाली, ही मावशी.

आईला हेडफोन लावून दिला होता. दोनदा ऐकलं. पहिलं वाक्य, "ती 'गोड का तिखट' विचारणारी मी नाही, ती पलीकडची, तिचा आवाज कायम वरच्या पट्टीत." मग पूरिया पण ऐकते म्हणाली, थोडा ऐकला, झोपली.

आणि वाईट म्हणजे उत्तर यायच्या आधीच पट्टी संपते. खिरापत काय होती ते टेपमध्ये नाहीच.

बेळगावी

सुंदर. उसळ असणार, मटकीची. आमच्याकडे तीच असायची.

वखारभाग

सांगलीकडचं घर आहे, भडंग सोडून दुसरं काय असणार? गोड का तिखट विचारलंय म्हणजे तिखट.

नॅरोगेज

खांडवी. पैज.

चकली

वास घेऊ दे म्हणाली म्हणजे गरम काहीतरी. भजी? पण एवढ्या बायकांना भजी कोण तळणार. ताई, आईंना विचारा ना!

मिरजकरीण

विचारलं. सांगत नाही. म्हणते ओळखा, टेपमध्ये ओळखत होतात तसं. चिवडा नव्हता एवढं सांगितलं आणि माझ्याकडे बघून हसली.

जर्सीचा_दादा

या धाग्यासाठी आयडी काढलाय, मीच तो टाकून दे म्हणणारा. वाटली डाळ होती. मला स्वच्छ आठवतंय, मुलांना आत घेत नव्हते आणि मी खिडकीतून बघत होतो. ट्रंका टाकू नकोस, मी डिसेंबरात येतोय, एक इकडे घेऊन जाईन. कानसेन, टू-इन-वनच्या कॅसेटी मी पण ऐकणार आहे, सगळ्या तुम्हाला नाही.

मिरजकरीण

आई म्हणते, ह्याला प्रत्येक हादग्याला वाटली डाळच आठवते. चूक.

टेपडेक_काका

चालू द्या. फक्त ताई, पुढची कॅसेट लावायच्या आधी हेड पुसून घ्या, आणि त्या कॅसेटचे मागचे दोन्ही तुकडे आज मोडा.